गाडीचे दिवसा पेटणारे लाईट: बंद कसे करायचे, आणि त्याआधी काय तपासायचं

भर दुपारी एकच्या उन्हात म्हापशाच्या मार्केटजवळ उभं राहून बघा, दर दोन-तीन गाड्यांमागे एका गाडीचे पुढचे पांढरे पट्टे लखलख पेटलेले दिसतील. शेजारचा स्कूटरवाला काच ठोकून सांगतो, "पात्रांव, लायट पेटता मरे", चालवणारा दचकून नॉब बघतो तर नॉब आधीच ऑफवर, फिरवून बघतो, दांडी हलवून बघतो, तरी पट्टा आपला पेटलेलाच. मग घरी आल्यावर पहिला प्रश्न हाच असतो की हे बंद कसं करायचं.

तर हे डीआरएल, म्हणजे डेटाईम रनिंग लाईट. तुम्ही विसरलेलं काही नाहीये, गाडी चालू झाली की ते आपोआप पेटतात आणि तसेच बनवलेले असतात. बंद करता येतात का, तर काही गाड्यांत दोन मिनिटांचं काम, काही गाड्यांत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन, आणि काही गाड्यांत सरळ सरळ नाही. पण ते कसं करायचं हे सांगण्याआधी हा लाईट नेमका काय करतो आणि काय करत नाही ते बघून घेऊ, कारण माझ्या मते बंद करायला धडपडणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार वेगळीच असते, आणि ज्यांना काहीच तक्रार नसते त्यांच्या गाडीचा मागचा भाग संध्याकाळी काळोखात असतो.

डीआरएल रस्ता दिसण्यासाठी नसतो. समोरच्याला तुमची गाडी दिसावी एवढंच त्याचं काम. आंतरराष्ट्रीय नियमात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या 87 नंबरच्या रेग्युलेशनमध्ये, एका डीआरएलचा समोरचा उजेड कमीत कमी 400 आणि जास्तीत जास्त 1200 कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप) असावा आणि रंग पांढरा असावा असं ठरवून दिलंय. तुलनेला, पुढच्या पार्किंग लाईटला किमान 4 कँडेला पुरतात. म्हणजे उन्हात उठून दिसावं म्हणून डीआरएल मुद्दाम इतका तेज ठेवलेला असतो. पण हेडलाईटच्या लो बीमला जशी वरची रेष कापलेली असते, उजेड रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही, तसा याला आकार नसतो, तो सगळीकडे पसरतो. म्हणून रात्री नुसत्या डीआरएलवर गाडी चालवली तर दोन्हीकडून नुकसान, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला खड्डा दिसत नाही.

ही कल्पना आली उत्तरेकडच्या देशांतून. फिनलंडने 1972 मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसाही लाईट लावणं सक्तीचं केलं, स्वीडनने 1977 पासून वर्षभर. तिकडे हिवाळ्यात सूर्य जेमतेम वर येतो, दिवसभर संध्याकाळसारखा उजेड, त्यामुळे त्यांचं गणित समजण्यासारखं आहे. कॅनडात 1 डिसेंबर 1989 नंतर बनलेल्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे झाले, आणि युरोपियन युनियनमध्ये 7 फेब्रुवारी 2011 पासून कारच्या प्रत्येक नव्या मॉडेलला. अमेरिकेत आजही सक्ती नाही, चालतात एवढंच. आपल्याकडेही कारला सक्ती नाही, पण मॉडेलं जगभर एकाच साच्यातून निघतात आणि शोरूममध्ये तो पट्टा दिसायला भारी दिसतो, म्हणून वरच्या व्हेरिएंटला हमखास असतो. लोक तो पट्टा बघूनच गाडी घेतात आणि मग तो बंद कसा करायचा विचारतात, ही गंमत वेगळीच.

मग आपल्या इतक्या उन्हात त्याचा उपयोग आहे का? माझं मत आहे, आहे. गोव्यातले आतले रस्ते आठवा, दोन्ही बाजूंनी माड, आंबे, फणस, मध्येच उन्हाचा चट्टा आणि मध्येच गडद सावली, वर अरुंद वळण आणि वळणावर कुणाची तरी चिऱ्याची कंपाउंड वॉल. उन्हातून बघणाऱ्याला सावलीतली राखाडी गाडी खरंच उशिरा दिसते. तिथे पांढरा पट्टा आधी दिसतो. सरळ मोकळ्या हायवेवर, झुआरीच्या नव्या पुलावर वगैरे, फार फरक पडत नसेल, पण सत्तरी-सांग्याकडच्या रस्त्यांवर मी तरी तो बंद करणार नाही.

आता खरी गोम. बहुतेक गाड्यांत डीआरएल पेटलेला असतो तेव्हा मागचा लाल दिवा पेटलेला नसतो. नंबरप्लेटचा दिवाही नाही. फक्त पुढचे दोन पट्टे, बस. पूर्वीच्या गाड्यांत अंधार पडला की स्पीडोमीटर दिसेनासा व्हायचा, मग आपसूक हात नॉबकडे जायचा. आता डिजिटल मीटर चोवीस तास झगमगतो, स्क्रीन पेटलेली, समोरच्या गाडीच्या डिकीवर आपल्याच डीआरएलचा पांढरा उजेड पडलेला दिसतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं लाईट चालूच आहेत. गावात, स्ट्रीटलाईटखाली, तर कळतच नाही. मागून येणाऱ्याला मात्र पुढे एक काळा ठोकळा जाताना दिसतो, तोसुद्धा ब्रेक मारला तरच. हा प्रकार इतका वाढला की कॅनडाने सप्टेंबर 2021 पासून नव्या गाड्यांना नियम घातला: डीआरएलबरोबर मागचेही दिवे लागले पाहिजेत, नाहीतर अंधारात सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर मीटर काळाच राहिला पाहिजे म्हणजे चालवणाऱ्याला समजेल.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे ज्याचा कुणी फारसा विचार करत नाही. स्वीडनमध्ये संध्याकाळ तासन् तास रेंगाळते. आपल्याकडे सूर्य बुडाला की बघता बघता काळोख होतो, डिसेंबरात सहा वाजून गेले की आणि जूनमध्ये सातनंतर. म्हणजे डीआरएल पुरेसा असणं आणि मागचे लाईट पाहिजेच असणं यातला वेळ फार थोडा, आणि नेमका तोच वेळ ऑफिसं सुटण्याचा, पणजीतून बाहेर पडणाऱ्या रांगांचा. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून ते सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत लाईट लावायचे असं आहे, आणि शिवाय उजेड अपुरा असेल, समोरची माणसं-गाड्या नीट दिसत नसतील तर कुठल्याही वेळी. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. अर्धा तास मोजत बसलात तर इथे काळोख होऊन गेलेला असतो.

आणि पाऊस. जुलैमध्ये अनमोड घाट चढताना किंवा चोर्ल्याच्या धुक्यात पुढून येणाऱ्या गाड्यांचे डीआरएल छान दिसतात, पण आपण ज्याच्या मागे असतो त्याचे लाल दिवे बंद असतात, कारण लाईट ऑटोवर आहेत, म्हणजे उजेड बघून गाडीच ते लावते, आणि ऑटोच्या सेन्सरला वाटतंय दिवस आहे. धुकं पांढरं असतं ना, सेन्सरला उजेड भरपूर मिळतो. तो उजेड मोजतो, किती लांबचं दिसतंय ते त्याला कळत नाही. काही गाड्यांत वायपर थोडा वेळ सलग चालला की हेडलाईट लागतात, पण सगळ्यांत नाही, म्हणून घाटात आणि मुसळधार पावसात नॉब हाताने फिरवून लो बीम लावायचा. पावसात हझार्ड लावून चालवायची जी पद्धत पडलीय ती तर सोडाच, वळायचं असलं तरी मागच्याला कळत नाही.

लाईट खरंच चालू आहेत का हे कळायची सोपी खूण मीटरवर असते. हिरव्या रंगात, दोन छोटे दिवे पाठीला पाठ लावून असल्यासारखं चिन्ह दिसलं तर पार्किंग लाईट आणि मागचे दिवे चालू. हिरवा दिवा आणि तिरप्या खाली जाणाऱ्या रेघा म्हणजे लो बीम. निळा दिवा आणि सरळ रेघा म्हणजे अप्पर. यातलं काहीच नसेल आणि पुढे उजेड दिसत असेल तर तो फक्त डीआरएल. चिन्ह बघायची सवय लावून घेतली की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

बरं, आता बंद करण्याकडे येऊ.

आधी नॉब नीट बघा. काही गाड्यांत नॉबला ऑफची जागाच नसते, ऑटो, पार्किंग आणि हेडलाईट एवढ्याच तीन. काहींत ऑफ असतो पण ऑफवर डीआरएल पेटतोच, कारण कंपनीच्या हिशोबात ऑफ म्हणजे हेडलाईट ऑफ. आणि नॉब पार्किंग लाईटवर आणला की बऱ्याच गाड्यांत डीआरएल विझतो किंवा मंद होतो, हे अगदी बरोबर आहे, कारण आजकाल पार्किंग लाईट आणि डीआरएल हे बहुतेक वेळा एकाच पट्टीतले एलईडी असतात, दिवसा पूर्ण तेज आणि रात्री हेडलाईटबरोबर मंद. त्यामुळे रात्री पट्टी दिसली म्हणून डीआरएल चालू राहिला असं समजू नका, ती तेव्हा पार्किंग लाईटचं काम करत असते.

दुसरी जागा म्हणजे स्क्रीन. सेटिंग, मग व्हेईकल किंवा कार, मग लाईट, आणि तिथे डेटाईम रनिंग लाईट असा पर्याय असला तर टिक काढायची, झालं. काही गाड्यांत हे मधल्या मोठ्या स्क्रीनवर नसतं, स्टिअरिंगवरच्या बटणांनी मीटरमधल्या छोट्या डिस्प्लेमध्ये जावं लागतं, आणि गाडी चालू असताना तो मेनू दिसतच नाही, उभी करून बघावा लागतो. म्हणून "माझ्या गाडीत नाही" म्हणण्याआधी गाडी उभी करून दोन्हीकडे बघा. युरोपियन कंपन्यांत काही वेळा दांडीचा छुपा मंत्र असतो. उदाहरणार्थ स्कोडाच्या काही मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये असं दिलंय की इग्निशन बंद असताना इंडिकेटरची दांडी आपल्याकडे ओढून त्याच वेळी खाली दाबून धरायची, तशीच धरून इग्निशन चालू करायचं आणि इंडिकेटर लुकलुकेपर्यंत थांबायचं. परत चालू करायला तेच, पण दांडी वर. पण मॉडेल बदललं की हे बदलतं, व्हिडिओ बघून दांड्या ओढत बसू नका, मॅन्युअलमध्ये लाईटचं प्रकरण उघडा. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते.

तिसरा प्रकार हँडब्रेकचा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक ओढला की डीआरएल विझतो, ऑटोमॅटिक असेल तर काहींत पी वर टाकल्यावर. उभ्या गाडीत एवढं पुरतं, आणि खरं सांगायचं तर बंद करायची गरज बहुतेक वेळा उभ्या गाडीतच पडते. पण यावरून काही हुशार मंडळींनी शोधून काढलंय की हँडब्रेक एक खाच ओढून ठेवून गाडी चालवली की डीआरएल बंद राहतो. कृपा करून हे करू नका. एका खाचेतही मागचे लायनर घासू शकतात, गरम होतात, आणि ब्रेकचा लाल दिवा सतत पेटलेला राहिल्यामुळे उद्या खरंच ब्रेक ऑईल कमी झालं तर तुम्हाला कळणार नाही.

यातलं काहीच नसेल तर उरतं कोडिंग. गाडीचे सगळे लाईट आता एका बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून चालतात, नॉब फक्त त्याला निरोप देतो आणि काय पेटवायचं ते मॉड्यूल ठरवतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला मशीन लावून त्या मॉड्यूलमध्ये डीआरएलची सेटिंग बदलता येते, सगळ्या कंपन्यांत नाही, पण बऱ्याच युरोपियन गाड्यांत येते. सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. ते नाही म्हणाले तर बाहेर करून देणारे आहेत, पण त्यांच्याकडून आधीची मूळ व्हॅल्यू लिहून घ्या, नुसता मोबाईलमध्ये फोटो काढला तरी चालेल, कारण एक आकडा इकडचा तिकडे झाला आणि इंडिकेटर भलत्याच तालात लुकलुकायला लागले की परत यायला वाट पाहिजे. आणि वॉरंटीत असलेल्या गाडीला स्वस्तातला डोंगल आणि मोबाईल अॅप लावून हे प्रयोग करायचे नाहीत.

फ्यूज काढणं सगळ्यांना सोपं वाटतं. अडचण अशी की डीआरएलचा फ्यूज पुष्कळदा एकट्याचा नसतो, त्याच्यावर पार्किंग लाईट, कधी नंबरप्लेटचा दिवा, कधी आणखी काही बसलेलं असतं, आणि डीआरएल घालवायच्या नादात मागचा लाल दिवा घालवून बसाल, म्हणजे वर जो धोका सांगितला तोच कायमचा. हेडलाईटच्या मागचं सॉकेट ओढून ठेवणंही तसंच, मीटरवर लाईट फेल्युअरचा मेसेज येतो आणि उघड्या पिनांवर आपली खारी हवा बसली की हिरवट थर धरायला वेळ लागत नाही.

काळी टेप लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

बॅटरी आणि पेट्रोलचा मुद्दा काढून लोक डीआरएल बंद करायला बघतात, त्यात फारसा अर्थ नाही. एलईडीची जोडी साधारण 10 ते 20 वॅट खाते. हॅलोजनचा लो बीम एकेका बाजूला 55 वॅट, म्हणजे दोन मिळून 110, वर मागचे दिवे. एसीचा खर्च यापेक्षा कितीतरी मोठा. हां, इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून गाणी ऐकत तासभर बसलात तर बॅटरी उतरेल, पण त्यात डीआरएलपेक्षा बाकीच्या गोष्टींचा वाटा जास्त.

आता ॲडजस्ट करण्याचं. डीआरएलचा उजेड कमी-जास्त करायची सोय सहसा नसतेच, तो कारखान्यातच ठरलेला असतो. स्टिअरिंगच्या उजवीकडे 0 ते 3 आकड्यांची छोटी चकती असते ती हेडलाईटचा झोत वर-खाली करायची, मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं म्हणून झोत खाली आणायला. डीआरएलशी तिचा संबंध नाही. समोरून येणारे सारखे डिप्पर मारत असतील तर मात्र आधी ती चकती बघा, पुष्कळदा ती कुणीतरी शून्यावर ठेवलेली असते आणि डिकीत दोन गॅस सिलिंडर.

जे ॲडजस्ट होतं आणि करायलाच पाहिजे ते म्हणजे ऑटो हेडलाईटचा सेन्सर. पुष्कळ गाड्यांत मेनूमध्ये लवकर, मध्यम, उशिरा अशी निवड असते. आपल्याकडे लवकर वर ठेवा. हा सेन्सर काही गाड्यांत आरशाच्या मागे काचेला चिकटलेला असतो आणि काहींत डॅशबोर्डवर, काचेच्या बुडाशी, छोट्या काळ्या बटणासारखा. आणि आपल्या डॅशबोर्डवर काय नसतं, गणपती, सायबिणीचा (मेरीमातेचा) फोटो, मोगऱ्याचा हार, पार्किंगची पावती, उन्हासाठी टाकलेला टॉवेल. यातलं काही त्या बटणावर आलं की गाडीला वाटतं रात्र झाली आणि भर दुपारी हेडलाईट पेटतात, डीआरएल मंद होतो, रात्रीच्या मोडमुळे स्क्रीन काळपट दिसते, आणि माणूस गाडी घेऊन गॅरेजमध्ये. देव अर्धा वीत बाजूला सरकवला की दुरुस्ती झाली.

अशाच आणखी काही गोष्टी बिघाड वाटतात पण नसतात. इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएल विझतो किंवा मंद होतो, तो नारिंगी उजेड उठून दिसावा म्हणून. गाडी लॉक केल्यावर अर्धा-एक मिनिट लाईट चालू राहतात, ती घरापर्यंत वाट दिसावी म्हणून दिलेली सोय, तिचा वेळ मेनूत कमी करता येतो. गाडी बंद केली आणि एकाच बाजूचा छोटा दिवा पेटून राहिला, तर इंडिकेटरची दांडी खाली किंवा वर राहिलीय का बघा. काही युरोपियन गाड्यांत ती एका बाजूच्या पार्किंग लाईटची सोय असते, अरुंद रस्त्याला गाडी लावली तर रस्त्याकडची बाजू दिसावी म्हणून. आणि मोबाईलच्या किंवा डॅशकॅमच्या व्हिडिओत डीआरएल फडफडताना दिसला तर घाबरू नका, एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून चालवलेले असतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेरा पकडतो.

खरंच बंद करायला पाहिजे असे प्रसंगही आहेत, आणि आपल्याकडे जरा जास्तच आहेत. रायबंदरला रात्री चोडणच्या फेरीची वाट बघत एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसलात तर समोरच्या रांगेतल्या लोकांच्या, उतरून चालत येणाऱ्यांच्या थेट डोळ्यात उजेड जातो. हँडब्रेक ओढा, लाईट पार्किंगवर आणा, किंवा सरळ इंजिन बंद करा, फेरीवर तर इंजिन बंदच पाहिजे. जत्रेला देवळासमोर नाटक रंगात आलंय आणि कुणीतरी मागून गाडी वळवून सगळा मांडव उजळवून टाकतो, हे दर वर्षीचं. उत्सवाच्या गर्दीत गाडी आधीच उलटी लावून ठेवली की निघताना तोंड बाहेरच असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कासवं. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वनखातं घरटी राखतं. पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे चालू लागतात, म्हणजे नैसर्गिकरीत्या समुद्राकडे. किनाऱ्यालगत गाडी समुद्राकडे तोंड करून, पट्टा पेटवून उभी केली तर ती पिल्लं उलटी, तुमच्याकडे येतील. मादीसुद्धा उजेड बघून अंडी न घालता परत फिरते. किनाऱ्यावर गाडी नेणं तर मुळातच बेकायदा आहे, पण वरच्या रस्त्यावर, शॅकच्या मागेसुद्धा गाडीचं तोंड जमिनीकडे करा आणि इग्निशन पूर्ण बंद. भाड्याने घेतलेल्या काळ्या पाटीच्या गाड्यांत हे जास्त होतं, कारण चालवणाऱ्याला त्या गाडीचा नॉब कुठे आहे तेच माहीत नसतं. गाडी देतानाच मालकाने मिनिटभर दाखवलं तर बरं होईल.

दुचाकीचं थोडक्यात. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या दुचाकींना हेडलाईट किंवा डीआरएल इंजिनबरोबर आपोआप लागणं सक्तीचं आहे, म्हणून तुमच्या नव्या स्कूटरला लाईट बंद करायचं बटणच नाही. ते बसवून देणारे मिळतात, पण बसवू नका. कारच्या बाबतीत मी जो हिशोब मांडला तो इथे लागू नाही, दुचाकी लहान असते, ट्रकच्या आरशात हरवते, तिला दिसण्याची गरज जास्त.

बाहेरून बसवलेल्या डीआरएलबद्दल मात्र जरा जास्त सांगतो, कारण खालच्या व्हेरिएंटला म्हापसा-मडगावच्या दुकानांतून पट्ट्या बसवून घेणारे खूप आहेत आणि बंद होत नाही अशी तक्रार त्यांचीच जास्त असते. स्वस्तातलं काम म्हणजे पट्टीची वायर इग्निशनवर टाकायची, मग चावी फिरवली की पेटलं, रात्री हेडलाईट लावले तरी तितकंच तेज. हे समोरच्याला आंधळं करतं. बरं काम म्हणजे कंट्रोलर बसवायचा, त्याला एक वायर पार्किंग लाईटवरून द्यायची म्हणजे रात्री तो पट्टी मंद करेल किंवा बंद. काही कंट्रोलर इग्निशनला हातच लावत नाहीत, बॅटरीचा व्होल्टेज बघतात: इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्टवर असते आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) ती चार्ज करत असताना 13.5 ते 14.5, त्यामुळे 13 च्या वर गेला की इंजिन चालू आहे असं समजून पेटायचं. जुन्या गाडीत हे छान चालतं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला मध्येच चार्जिंग कमी करतो, व्होल्टेज खाली येतो, आणि पट्टी चालता चालता विझते-पेटते. दुकानदार पट्टी बदलून देतो, परत तेच. दोष पट्टीत नाही, कंट्रोलरला इग्निशनची वायर दिली की थांबतं.

रंग पांढराच घ्या. निळा, जांभळा नको, आणि समोर लाल दिवा तर नियमातच बसत नाही. मूळ वायरिंग कापून जोडायचं काम असेल तर हात आखडता घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत परस्पर बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि कायदा सोडला तरी पावसाळ्यात त्या टेप गुंडाळलेल्या जोडात पाणी शिरलं की शोधणारा इलेक्ट्रिशियनसुद्धा वैतागतो.

पाण्यावरून आठवलं, कंपनीच्या हेडलाईटमध्ये पावसाळ्यात आतून धुकं धरतं. लाईटच्या घराला हवा जायला मुद्दाम छोटी भोकं असतात, बाहेर गार पाऊस आणि आत गरम हवा, वाफ धरणारच. लो बीम लावून थोडा वेळ गाडी चालवली आणि ती विरली तर ठीक, एलईडी कमी तापतो म्हणून हॅलोजनपेक्षा वेळ जास्त लागतो. पण थेंब ओघळताना दिसले किंवा तळाशी पाणी साचलं तर सील गेलंय, वॉरंटीत असेपर्यंत दाखवून घ्या आणि तारखेसकट फोटो ठेवा, कारण बहुतेक गाड्यांत डीआरएलचा एलईडी सुटा मिळत नाही, तो गेला की अख्खा हेडलाईट बदलायला सांगतात आणि त्याचा आकडा ऐकून घाम फुटतो. वॉरंटी संपली असेल तर हेडलाईट उघडून नुसता ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) किंवा एलईडीची पट्टी बदलून देणारे कारागीर मिळतात. त्यांना एवढंच विचारा की परत बंद करताना मूळ सील गरम करून बसवणार की बाजारातलं सिलिकॉन मारणार. सिलिकॉन म्हणाला तर दुसरीकडे जा, आणि काम मे महिन्याच्या आत करून घ्या.